गुलाम कुठली!

रविवारी संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि लाईट गेले. टीव्ही बंद, वायफाय बंद. मग काय करणार? आजीने कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला, मेणबत्ती लावली आणि आम्ही चौघं जमिनीवर गोल करून बसलो. मी, माझी आई (म्हणजे भाचीची आजी), सहावीतली भाची आणि शेजारचा तिचा मित्र. डाव ठरला गुलामचोर.

तुम्ही खेळला असालच. तीन गुलाम कॅटमधून बाजूला काढायचे, एकच ठेवायचा. मग एकमेकांच्या हातातला एकेक पत्ता ओढायचा आणि जोड्या लावून खाली टाकायच्या. शेवटी ज्याच्या हातात तो एकटा गुलाम उरेल तो चोर.

तो गुलाम होता भाचीकडे. आणि बाईसाहेबांनी काय करावं? अंधाराचा फायदा घेऊन तो हळूच उशीखाली सरकवला! आजीची नजर मात्र मेणबत्तीच्या उजेडातही टिपून घेणारी. "गुलाम कुठली!" आजी हसत म्हणाली आणि तिच्या पाठीत लटका धपाटा घातला.

"आजी, गुलाम पत्त्यात आहे. मी चोर आहे," भाचीने कबूल केलं. आणि एकदम तिला काहीतरी आठवलं. "मामा, मला इंग्रजीचा निबंध पुन्हा लिहायचाय. 'माय सिटी'. टीचरनी मलिक अंबरच्या वाक्यावर लाल गोल केलाय."

वही आली. वाक्य होतं, 'मलिक अंबर वॉज स्लेव्ह.' त्यात 'अ' राहिला होता, म्हणून गोल. पण पुढच्याच ओळीत तिने लिहिलं होतं, 'ही वॉज सर्व्हंट ऑफ निजामशाह', आणि त्यापुढे, 'ही मेड अवर सिटी.' या तीन वाक्यांच्या शेजारी टीचरनी लाल शाईने एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"स्लेव्ह की सर्व्हंट? एक काहीतरी ठरव, असं म्हणाल्या. आणि स्लेव्ह होता तर त्याने शहर कसं वसवलं?"

प्रश्न एकदम रास्त. लाईट यायला अजून वेळ होता, म्हणून आम्ही पत्ते तसेच पसरून ठेवले आणि या एका शब्दाच्या मागे लागलो. त्या रात्री जे सापडलं त्यातलं बरंचसं त्या उशीखालच्या पत्त्यातच होतं.

'गुलाम' हा मूळचा अरबी शब्द. पण अरबीत त्याचा पहिला अर्थ गुलाम नाहीच! गुलाम म्हणजे मुलगा. पोरगा. नुकतं मिसरूड फुटू लागलेला तरुण. श्रीमंताच्या घरी हाताखाली कामाला असलेल्या मुलाला 'ए पोरा' म्हणता म्हणता 'पोरगा' म्हणजे 'नोकर' झाला आणि पुढे 'विकत घेतलेला माणूस' झाला. खोटं वाटतं? आपल्या चहाच्या टपरीवर बघा. चांगल्या चाळीस वर्षांच्या, मिशीवाल्या माणसालाही कुणीतरी 'ए पोऱ्या, दोन कटिंग' म्हणतंच ना? तोच प्रकार.

आता त्या इंग्रजी पत्त्याकडे बघा. त्याच्यावर 'जे' लिहिलेलं असतं, जॅकचा. पण जुने इंग्रज त्याला 'नेव्ह' म्हणायचे. स्पेलिंगमध्ये आधी 'के', पण तो मुका. हा 'के' राजाच्या 'के'शी घोटाळा करायचा, म्हणून एकोणिसाव्या शतकात पत्ते छापणाऱ्यांनी 'जे' आणला. आणि 'नेव्ह' म्हणजे काय? जुन्या इंग्रजीत मुलगा! मग नोकर, मग लबाड माणूस. इकडे अरबस्तान, तिकडे इंग्लंड. दोन्ही ठिकाणी आधी 'मुलगा' होता, त्याचा नोकर झाला आणि तोच पत्त्यात राजा-राणीच्या खाली जाऊन बसला.

"म्हणजे आजी मला मुलगाच म्हणाली!" भाची.

"मी लबाड म्हणाले," आजी म्हणाली. आणि तीही बरोबरच होती. मराठीत खोडकर पोराला लाडाने 'गुलाम' म्हणायची जुनी रीत आहे. अरबीतून निघालेला शब्द बाजारातून, फौजांतून, साखळदंडांतून फिरून आला आणि आमच्या घरात पुन्हा एका पोरीच्या पाठीवर धपाटा बनून टेकला. मला तर हे फार भारी वाटतं.

आता मलिक अंबरकडे वळू, कारण त्याच्या गोष्टीत हा 'मुलगा' खरोखरचा मुलगा आहे.

इथिओपियात, १५४८च्या सुमाराला एक मूल जन्माला आलं. त्याचं नाव चापू. तो लहान असतानाच त्याला विकलं गेलं. लाल समुद्राच्या काठी, येमेनमध्ये मोखा नावाचं बंदर आहे. कॉफीच्या दुकानात 'मोका' लिहिलेलं असतं ना, ते याच बंदराचं नाव. तिथे तो विकला गेला, मग बगदादला पोचला, पुन्हा विकला गेला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवलं आणि त्याचं नाव बदलून अंबर ठेवलं. तिथून दख्खनमध्ये. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. (हा चंगीजखान तो घोड्यावरचा मंगोल नव्हे बरं का! हा स्वतःच हबशी, म्हणजे इथिओपियाकडचा होता आणि एकेकाळी स्वतःच गुलाम होता.) हा मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला.

'अंबर' म्हणजे काय, माहीत आहे? आकाश म्हणाल. संस्कृतातलं अंबर आकाशच. पण हे अरबी अंबर. कोकणातून अधूनमधून बातमी येते, 'व्हेलची उलटी पकडली, इतके कोटी किंमत.' तेच हे! स्पर्म व्हेल नावाचा प्रचंड प्राणी माकूळ खातो. माकुळाची चोच टणक, ती काही केल्या पचत नाही. तिच्याभोवती व्हेलच्या आतड्यात मेणासारखा गोळा तयार होतो. तो बाहेर पडून समुद्रावर वर्षानुवर्षं तरंगतो, ऊन-पाणी-मीठ खातो आणि सुरुवातीला घाण वास येणारी ती वस्तू शेवटी सुगंधी होते. पूर्वी अत्तरात घालायला ती मिळेल त्या भावाने घेत. म्हणजे तिला 'उलटी' म्हणणंसुद्धा तसं चुकीचंच, कारण गोळा पोटात नाही, आतड्यात होतो. (आज तिचा व्यापार आपल्याकडे बेकायदा आहे, कारण स्पर्म व्हेल संरक्षित प्राणी आहे.)

गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या मुलांना अशी महागड्या वस्तूंची नावं ठेवत. अंबर, याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यावर अल्लाउद्दीन खिलजीचा जो सेनापती चालून आला, तो मलिक काफूर. त्याला 'हजारदिनारी' म्हणत, कारण तो हजार दिनारांना विकत घेतलेला होता. विचार करा, तुमच्या टोपणनावातच तुमच्या किमतीची चिठ्ठी!

"पण मलिक? मलिक काय आहे?" शेजारचा मित्र इतका वेळ गप्प होता, तो आता बोलला. चांगलं विचारलंस, बाळा. 'मलिक' म्हणजे राजा, सरदार. आणि आता अरबीची जादू बघ. अरबीत तीन व्यंजनांच्या साच्यातून शब्द ओततात. इथला साचा म-ल-क, अर्थ 'ताब्यात असणं'. त्यातून निघाला मलिक, म्हणजे राजा. त्यातूनच मालिक, म्हणजे आपला मराठी मालक. त्यातूनच मुल्क, म्हणजे आपला मुलूख. आणि त्याच साच्यातून निघाला ममलूक, म्हणजे ताब्यात असलेला, विकत घेतलेला गुलाम! राजा, मालक, मुलूख आणि गुलाम, चौघं एकाच आईची लेकरं. अंबर या घरात ममलूकच्या दाराने आत आला आणि मलिकच्या दाराने बाहेर पडला. आणि मधल्या वेळात मुलूखही राखला.

राखला म्हणजे कसा! १६०० साली मुघलांनी अहमदनगर जिंकलं. सगळ्यांना वाटलं, संपली निजामशाही. अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधला, त्याला गादीवर बसवलं आणि स्वतः कारभार हातात घेतला. पुढची पंचवीस वर्षं त्याने मुघलांना डोंगर-दऱ्यांत गनिमी काव्याने नुसतं पळवलं. मालोजीराजे भोसले आणि शहाजीराजे याच निजामशाहीचे सरदार. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले.

दिल्ली-आग्र्याचा बादशाह जहांगीर इतका चिडला, इतका चिडला की काही विचारू नका. त्याने आपल्या आठवणींत अंबरला शिव्या घातल्या आहेत आणि एक चित्रही काढून घेतलं. चित्रकार अबुल हसन. त्यात बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याला टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या संग्रहालयात ते आजही आहे. गंमत अशी की असं काही कधी घडलंच नाही! अंबर १६२६ साली, सत्तरी उलटून गेल्यावर वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. मैदानात जमलं नाही ते बादशाहाने कागदावर करून घेतलं. पण अंबर वारल्यावर मुघलांच्याच इतिहासकाराने, मोतमिदखानाने, त्याच्या युद्धकौशल्याचं आणि कारभाराचं तोंड भरून कौतुक लिहून ठेवलं आहे.

आणि आपलं शहर? १६१० साली खडकी नावाच्या गावी त्याने राजधानी वसवली. पाण्याची सोय म्हणून जमिनीखालून नहर आणली, खापराचे नळ घालून. (पाणचक्कीची नहर वेगळी, ती पुष्कळ नंतरची. दोन्हींची गल्लत करू नका, इथले मोठे लोकही करतात.) मुघलांनी १६१६ साली खडकी जाळली, त्याने पुन्हा उभी केली. त्याच्या विजयाची कमान म्हणजे भडकल दरवाजा, १६१२चा. औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला त्याच्या कितीतरी आधीचा. पुढे खडकीचं झालं फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. चापूसारखंच आपल्या गावाचंही नाव बदलत आलं आहे.

आजीने तेवढ्यात पत्ते पुन्हा पिसायला घेतले होते. "तुमच्या आजोबांबरोबर मी तीनशे चार खेळायचे," ती म्हणाली. "त्यात राजाचे मार्क तीन. आणि गुलामाचे तीस."

आम्ही सगळेच तिच्याकडे बघत राहिलो. खरंच आहे! ३०४च्या डावात गुलाम सगळ्यांत मोठा, त्याच्यामागे नव्वी, मग एक्का, मग दश्शी. राजा आणि राणी बिचारे त्यांच्याही मागे. हा डाव कुणी काढला ठाऊक नाही, पण काढणाऱ्याला मलिक अंबर ऐकून माहीत असता तर त्याने हेच मार्क दिले असते.

पण निबंधाचं काय? स्लेव्ह की सर्व्हंट?

सर्व्हंट म्हणजे नोकर. नोकराला पगार असतो, सुट्टी असते आणि पटलं नाही तर 'हा चाललो' म्हणता येतं. स्लेव्हला यातलं काहीच नाही, तो दुसऱ्याच्या मालकीचा. म्हणून तुमच्या वर्गातल्या रामदासच्या नावाचं इंग्रजी करताना 'स्लेव्ह' लिहू नका. तिथला दास आपल्या मनाने झालेला आहे, कुणी बाजारात विकलेला नाही. अब्दुल्लाचंही तसंच. अब्दुल्ला म्हणजे अल्लाचा दास.

आता 'स्लेव्ह' हा शब्द आला कुठून, ऐका. पूर्व युरोपात स्लाव्ह लोक राहतात. रशियन, पोलिश, चेक हे सगळे स्लाव्ह. हजारेक वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या इतक्या माणसांना पकडून विकलं गेलं की 'स्लाव्ह' या जमातीच्या नावाचाच अर्थ पश्चिम युरोपात 'गुलाम' झाला. आणि त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेत? बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्यांचं नाव 'स्लोवो'वरून आलं, स्लोवो म्हणजे शब्द. ज्यांना आपला शब्द कळतो ते स्लाव्ह. हे 'स्लोवो' आपल्या श्रवण-श्रुतीचं लांबचं नातेवाईक आहे. म्हणजे एका जमातीने स्वतःला 'बोलणारे' म्हटलं आणि शेजाऱ्यांनी त्याच नावाची बेडी केली.

याच लोकांपैकी एकाने पुढे जगाला आणखी एक शब्द दिला, तो तुम्ही रोज वापरता. १९२० साली चेक लेखक कारेल चापेक याने एक नाटक लिहिलं. त्यात माणसांची कामं करणारी बनावट माणसं होती. त्यांना नाव काय द्यावं? त्याच्या चित्रकार भावाने सुचवलं, रोबोट! चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे फुकटात, जबरदस्तीने करावं लागणारं काम. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. म्हणजे रोबोट म्हणजे चक्क वेठबिगारी. (लेखक चापेक आणि आपला चापू, नावं जवळची वाटतात, पण हा निव्वळ योगायोग, नातं काही नाही.) आणि वेठ जुनी गोष्ट समजू नका. कर्जापोटी माणसाला राबवून घेण्यावर आपल्या देशात कायद्याने बंदी आली १९७६ साली, तुमच्या आजीच्या तरुणपणी. पेपरात मात्र 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले' असं आपण बस चुकली तरी लिहितो.

असे शब्द इंग्रजीतही बेमालूम हिंडत असतात. मॅच 'एन्थ्रॉलिंग' होती म्हणतात, तर 'थ्रॉल' म्हणजे जुन्या उत्तर युरोपातला गुलाम. मोबाईलचा 'ॲडिक्ट' म्हणतात, तर जुन्या रोममध्ये 'ॲडिक्टस' म्हणजे कर्ज फेडता आलं नाही म्हणून न्यायाधीशाने सावकाराच्या हवाली केलेला माणूस. आणि 'बाँडेज'? सगळ्यांना वाटतं, बाँड म्हणजे बंधन, त्यावरून आलं. नाही! जुना शब्द 'बोंडा', म्हणजे स्वतःचं घर असलेला शेतकरी, अगदी स्वतंत्र माणूस. पुढे इंग्लंडमधल्या जमीनदारांनी अशा शेतकऱ्यांना आपल्या जमिनीला जखडून टाकलं आणि शब्दाचाही अर्थ बिचाऱ्यांबरोबर घसरला. 'हजबंड'मधला 'बंड' तोच, घराचा बोंडा. हे ऐकून आजी इतकी हसली की मेणबत्ती विझली.

ती पुन्हा लावेपर्यंत भाचीचं डोकं चालू होतं. "म्हणजे स्लेव्ह बरोबर आहे. 'अ' घालते आणि झालं."

व्याकरण झालं. पण मी तिला विचारलं, "समज, तुझी सायकल चोरीला गेली. उद्या वर्गात नवीन मुलगी आली आणि मी तुझी ओळख करून दिली, 'ही सायकल गेलेली.' चालेल?"

"काहीही काय, मामा! चोराने नेली, त्यात माझी काय ओळख?"

तेच तर! 'ही वॉज अ स्लेव्ह' म्हटलं की वाटतं, तो जन्मतःच तसा होता. जसा उंच होता, काळा होता, तसा स्लेव्ह होता. विकणारे, घेणारे, दाम मोजणारे सगळे वाक्यातून पसार! म्हणून आजकाल इंग्रजीत पुष्कळ इतिहासकार 'एन्स्लेव्ड' लिहितात. म्हणजे गुलाम केला गेलेला. हे क्रियापद आलं की लगेच प्रश्न येतो, कुणी केलं? कर्त्याला लपायला जागा राहत नाही.

तरी मला स्वतःला 'स्लेव्ह' हा शब्द पुस्तकांतून अगदी पुसून टाकावा असं वाटत नाही. कधीकधी कडू शब्द कडूच हवा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ठेवलं 'गुलामगिरी'. मऊ शब्द त्यांना सुचला नसेल का? अमेरिकेत गुलामी कायद्याने संपली १८६५ साली, ती बातमी तेव्हा ताजीच. फुल्यांनी पुस्तक अर्पण केलं ते त्या लढ्यातल्या अमेरिकन लोकांना, आणि ती अर्पणपत्रिका चक्क इंग्रजीत लिहिली. म्हणजे साता समुद्रापलीकडच्या माणसालाही वाचता येईल अशी. त्यात इकडच्या जातीच्या बंधनाला त्यांनी जो शब्द वापरला तो आपला मघाचाच, 'थ्रॉल'वरून आलेला 'थ्रॉल्डम'. आपल्या शेजारी जे चाललंय त्याला तोच जड शब्द लावायचा, हे त्यांनी मुद्दाम ठरवून केलं होतं.

लाईट आले. पंखा एकदम सुरू झाला आणि पत्ते उडाले. भाची मात्र वही घेऊन बसली. बराच वेळ पेन्सिल चावून तिने लिहिलं, 'चापू वॉज अ बॉय फ्रॉम इथिओपिया. ही वॉज एन्स्लेव्ड अँड सोल्ड बाय ट्रेडर्स. दे चेंज्ड हिज नेम टू अंबर. इन १६१०, मलिक अंबर मेड खडकी. दॅट इज माय सिटी.'

"नाव व्यापाऱ्याने नाही, मालकाने बदललं," मी म्हटलं.

तिने 'दे' खोडून 'हिज ओनर' केलं. मग मालिक आणि मलिक लागोपाठच्या वाक्यांत आले म्हणून स्वतःशीच हसली.

दोन दिवसांनी वही परत आली. दहापैकी नऊ. सगळ्या 'अ'वर बरोबरची खूण. आणि पहिल्या ओळीखाली लाल शाईत टीचरचा प्रश्न, 'हू इज चापू? प्लीज राईट वन मोअर पेज.'

"आता आणखी एक पान!" भाची वैतागून म्हणाली आणि आजीकडे गेली, कोरा कागद मागायला.